संपृक्त द्रावण आणि सोमाजीचं बी

जागेश्वरने ठरवलं ते एवढंच, की यंदा घरचं धानाचं बी मिठाच्या पाण्यातून काढून मगच पेरायचं. ठरवलं तेव्हा तो पुण्याहून निघालेल्या गाडीत वरच्या फळीवर उताणा पडला होता, आणि त्या अवस्थेत देश बदलणं फार सोपं वाटतं. रसायनशास्त्राची पदवी खिशात होती. कारखान्याची नोकरी त्याने नाकारली होती (कारखान्याने ती अजून देऊ केली नव्हती, पण केली असती तरी नाकारलीच असती). विज्ञान खेड्यात न्यायचं होतं. सन एकोणऐंशीचा जून, आणि खेडं त्याचंच, आसगाव.

त्याचे वडील सोमाजी उभ्या पिकातून भरदार लोंब्या निवडून बी धरत. ते वेगळ्या ढोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. गावात ज्याचं बी बिघडे तो टोपली घेऊन सोमाजीच्या दारी येई. अशा बियाण्याची परीक्षा घ्यायची म्हणताच सोमाजींनी आधी ढोलीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"बी माझं, पोरगाही माझाच," ते म्हणाले. "कोणाले नाई म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मोठा गंज पाण्याने भरला. शेजारचा नत्थू आणि आणखी आठ-दहा जण ओट्यावर येऊन बसले. जागेश्वरने घसा साफ केला.

"पाणी हा द्रावक. मीठ हे द्राव्य. दोन्ही मिळून होतं ते द्रावण."

"म्हंजे खारं पाणी," नत्थू म्हणाला.

"हो, पण शास्त्रीय. यात पोचट बी तरंगतं, भरलेलं तळाशी बसतं."

इथे थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर श्रोते होते, आणि कॉलेजात त्याचा एक अत्यंत आवडता शब्द होता. "आता पाहा. मीठ टाकलं, विरघळलं. आणखी टाकलं, तेही विरघळलं. एक वेळ अशी येते की पाणी म्हणतं, आता पुरे. त्याला संपृक्त द्रावण म्हणतात." आणि ते दाखवण्यासाठी तो मीठ ओतत राहिला.

आई, सत्यभामाबाई, दारातून म्हणाली, "अरे, लोणच्याचं मीठ हाय ते."

"आई, लोणचं दरवर्षीच होतं."

तळाशी मीठ साचलं, पाणी संपृक्त झालं, जागेश्वर कृतार्थ झाला. मग त्याने बी ओतलं. तळ्यावर शेवाळ पसरावं तसं सगळं धान वर आलं. तळाशी गेले ते मोजून सात दाणे.

या क्षणी जागेश्वरला पाण्याचा संशय घेता आला असता. त्याने बापाचा घेतला.

"बाबा, हे सगळं पोचट आहे."

सोमाजींनी एक दाणा उचलून दाताखाली फोडला. आत टपोरा पांढरा तांदूळ होता. "पोचट?"

"शास्त्र तसं सांगतं."

सोमाजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि ते तळ्याकडे चालू लागले.

"मी तं गेल्या साली हेच बी नेलं होतं गा," नत्थू म्हणाला. "मस्त उगवलं."

"योगायोग," जागेश्वर म्हणाला. प्रयोग अर्धवट सोडू नये, म्हणून त्याने ढोलीतलं उरलेलं बीही एकेक टोपली करून गंजातून काढलं. सगळं तरंगलं. सगळं नापास.

आता भिजलेल्या धानाचं करायचं काय? "फेकाचं नाई," सत्यभामाबाई म्हणाली. "पोहे करून टाकू." तिने चूल पेटवली, धान भाजायला घेतलं आणि कांडायला नत्थूच्या बायकोला, कुंताबाईला, बोलावलं. जागेश्वर माजघरात बसून पुण्याच्या मित्राला कार्ड लिहू लागला: आज येथे विज्ञानाचा पहिला विजय झाला.

कुंताबाईने चार पोहे तोंडात टाकले आणि लगेच थुंकले. "वो मावशी, हे पोहे हायेत का पापडखार? जागेश्वरभाऊ, मीठ किती टाकलं होतं?"

"संपृक्त होईपर्यंत."

"ते कोनतं माप?"

"विरघळायचं थांबेपर्यंत."

कुंताबाईने मुसळ भिंतीला टेकवलं. "मंग त्यात मानूसही बुडत नाई. धान कायले बुडन?"

जागेश्वर कार्ड तिथेच टाकून चुलीकडे धावला. शेवटचा घाणा तडतडत होता. मिठाचं पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, तो भौतिक बदल. भाजलेलं धान पुन्हा कच्चं होत नाही, तो रासायनिक. हा फरक त्याने शाळेत घोकला होता, कॉलेजात लिहिला होता, त्यावर गुणही मिळवले होते. समजला तो त्या दुपारी.

ढोली रिकामी आणि रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस आलेले. बी नाही म्हणजे वर्षभर धानाच्या बांध्या पडीक. सोमाजी रागावले नाहीत, हे त्याहून वाईट. सकाळी उठून त्यांनी टोपली घेतली आणि ते नत्थूकडे निघाले. जन्मभर दुसऱ्यांच्या टोपल्या भरणारा माणूस स्वतःची टोपली घेऊन चालला होता. ती आपण धरायला हवी, हे मागून चालणाऱ्या जागेश्वरला अर्ध्या वाटेत सुचलं.

"तुमचंच बी हाय, मामाजी," नत्थू म्हणाला. "माप नोका पाहू."

"पन पान्यातून काढूनच नेजा," कुंताबाई म्हणाली. तिने बादली भरली आणि ढवळायला जागेश्वरला बसवलं. मग कोंबडीखालचं ताजं अंडं आणून पाण्यात सोडलं. ते तळाशी गेलं. तिने मूठ मूठ मीठ टाकलं. अंडं हळूहळू वर आलं आणि रुपयाएवढं डोकं पाण्याबाहेर काढून थांबलं. "बस," ती म्हणाली. जागेश्वर थांबला.

तिने अंडं काढून बी ओतलं. थोडं पोचट वर आलं. बाकी सगळं खाली.

"बुडलं," सोमाजी म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

कुंताबाईने बी साध्या पाण्याने दोनदा धुऊन टोपलीत भरलं. "शाहापूरच्या माहेरी एका शेतकी साहेबानं दाखवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या पुन्यात नाई का शिकवत, भाऊ?"

"शिकवतात," जागेश्वर टोपली डोक्यावर घेत म्हणाला. "पण तिथे पाण्याची घनता मोजायला काचेचं यंत्र असतं."

"मंग ते काहून नाई आनलं?"

"ते प्रयोगशाळेत राहतं."

"असं का," कुंताबाई म्हणाली. "आमची कोंबडी घरीच राह्यते."