शेड, रीड आणि वानखेडे

वानखेडे माणसांवर चिडत नाहीत, शब्दांवर चिडतात. आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावच्या आमच्या औषध कारखान्यात ते क्वालिटीला. वय अठ्ठावन्न, मूळ नागपूरचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं. हा माणूस एका शब्दासाठी भर मीटिंगमध्ये मॅनेजरला गप्प करतो, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

२०२०चा उन्हाळा. मीटिंगा लॅपटॉपवर. आमचा आयरिश मॅनेजर हसत म्हणाला, "नो शेड, पण हा रिपोर्ट म्हणजे निव्वळ कचरा आहे."

"धिस इज नॉट शेड!" वानखेडे कडाडले. "धिस इज अ रीड. अँड अ बॅड वन."

उरलेला राग त्यांनी मला फोन करून काढला. "शेड म्हणजे तुम्हा पुण्याच्या लोकांचा टोमणा! 'अरे वा, आज इस्त्री केली वाटते?' बस. पुढचं ज्याचं त्यानं समजावं. रीड म्हणजे तोंडावर, एकेक उणं वेचून काढायचं. पण त्यालाही कारागिरी लागते. कचरा म्हणायला काय अक्कल लागते?"

एचआरच्या मुलीने ईमेलमध्ये शाबासकी म्हणून 'यास क्वीन' लिहिलं की वानखेडे लाल अक्षरांत उत्तर धाडणार: हे शब्द न्यूयॉर्कमधल्या काळ्या आणि लॅटिनो पोरांचे आहेत. घरच्यांनी हाकलून दिलेल्या पोरांचे. भाड्याच्या हॉलमध्ये नटूनथटून ते स्पर्धा भरवायचे, त्याला बॉल म्हणतात. तुमच्या कपकेकवर छापायला त्यांनी हे शब्द घडवले नाहीत.

मला वाटायचं, असतो एकेकाला छंद. कोणी तिकिटं जमवतं, हे शब्द जमवतात.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचा गणपतीही झूमवरच. अध्यक्ष जोगळेकरांनी बायकोची नऊवारी नेसून 'ड्रॅग क्वीन काकू' नावाचा एकपात्री केला. मिशा तशाच. शेवटी कॅमेऱ्याजवळ येऊन म्हणाले, "घाबरू नका हं, मी तसला नाही!" सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला.

वानखेडेंनी माइक सुरू केला. "तसला म्हणजे कसला, जोगळेकर?"

"अहो, गंमत हो. घरगुती कार्यक्रम आहे."

"रियलनेस म्हणजे काय, माहीत आहे? बॉलमधली स्पर्धा आहे ती. साहेबासारखं, शिपायासारखं हुबेहूब दिसायचं, कोणाला संशय येऊ नये असं. काहून? तं रस्त्यात संशय आला की मार पडते! जीव जाते! आन तुम्ही त्याच्यावर..."

पुढचं ऐकू आलं नाही. ओठ हलत होते. कोणीतरी त्यांना म्यूट केलं होतं. मग त्यांची चौकटच स्क्रीनवरून गेली आणि आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. त्याची चीड मला अजून येते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी त्यांच्या घरी गेले. ते पुढच्या बागेत गवत उपटत होते, सूड घेतल्यासारखं. मला दोन मीटरवर खुर्ची दिली.

"सर, सॉरी. मी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ते म्हणाले. जरासुद्धा सांभाळून घेतलं नाही. मग गवत तसंच हातात धरून म्हणाले, "मीही नव्हतो बोललो."

धाकटा भाऊ, सुहास. नाचायचा, आईची टिकली लावायचा. एका दुपारी वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं आणि थोरल्याला सांगितलं, कडी लाव. "मी लावली. तेवीस वर्षांचा घोडा होतो. कोणी हात धरून लावायला लावली नव्हती."

सुहास पुढे न्यूयॉर्कला पोचला. तिथून पत्रं यायची. प्रत्येक पत्रात नवे शब्द, खाली अर्थ. "लिहायचा, दादा, आमच्या टोळीला हाउस म्हणतात. तिला आई असते. आमची आई पुरुष आहे, पण आईच आहे." वानखेडेंनी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. शब्द मात्र पाठ केले.

एप्रिलमध्ये सुहास करोनाने गेला. हाउसच्या त्या आईने सुहासच्या वहीतून नंबर शोधून वानखेडेंना अंत्यविधीची लिंक पाठवली. स्क्रीनवर तिने विचारलं, सुहासच्या घरचं कोणी आहे का?

"मी होतो. बोललो नाही."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, मी त्याचा मोठा भाऊ. तिनं पहिलं काय विचारावं? कडी तूच लावली होती ना? म्हटलं, हो." त्यांनी हातातलं गवत खाली टाकलं. "मला वाटलं, आता ती मला रीड करील. केलं असतं तं बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, रविवारी परत फोन कर."

आत घड्याळात सात वाजले. वानखेडे धडपडत उठले, हात पँटला पुसले, "तू बस" म्हणत घरात पळाले. खिडकी उघडी होती. मॅनेजरवर कडाडणारा तो आवाज शाळकरी पोरासारखा खाली आला होता.

"येस, मदर," ते म्हणत होते. "येस. आय एट. वरणभात."