वरची हवा बसेपर्यंत

बोरीत कुणाच्याही लग्नात खिल्लारे सर पंगतीला बसले, की वरणाची बादली त्यांच्यापुढे अडलीच म्हणून समजा.

"थांब, ढवळू नको," सर वाढप्याला सांगतात. "आधी आभाळ बघ. डाळ खाली, पाणी वर. वरच्या हवेचं असंच हाय. जड नायट्रोजन तळाला, हलका सुटा ऑक्सिजन वर. सूर्याकडून वादळ येऊन पृथ्वीच्या चुंबकाला धडकलं, की ध्रुवाकडची हवा तापती अन् नायट्रोजन वर चढतो."

"चढू द्या सर, पण पुढची माणसं उपाशी हायत."

सर निवृत्त विज्ञान शिक्षक. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती त्यांच्यामुळे. म्हणून हे वरण मी दर वेळी मन लावून ऐकते.

सरांकडे परवान्याचा हौशी रेडिओ आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी ते आसामातल्या बरुआजींशी बोलतात. दोघं कधी भेटलेले नाहीत. बोलणं काय, तर तिकडे पाऊस, इकडे ऊन, आणि दोघांचे गुडघे. नायट्रोजन चढला की वरचा आयनांचा थर विरळ होतो, त्यावर आपटून रेडिओची लहर परत खाली येत नाही आणि बरुआजी गायब होतात. दोनेक दिवसांत हवा बसते, बरुआजी येतात.

सूर्याच्या मागच्या वादळानंतर मात्र आले नाहीत.

"फोन लावा की," खिल्लारे काकू म्हणाल्या. "नंबर हाय ना?"

"नायट्रोजन उतरला न्हाई अजून."

"आठवडा झाला. तुमचा नायट्रोजन काय माहेरपणाला आलाय?"

मी मोबाइलवर दाखवलं, "सर, वादळ कधीच शमलंय."

"आपल्याकडचं शमलं. आसामकडचं राहिलं असंल."

पुराव्याशिवाय काही मानू नको, हे मला शिकवणारा माणूस असं बोलत होता. मग हळूच म्हणाले, "पोरी, रेडिओ लागला न्हाई तर नायट्रोजनचं नाव सांगता येतं. फोन उचलला न्हाई तर कुणाचं सांगू?"

काकूंनी चहा रेडिओपाशी आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. रेडिओ खरखरला. "मास्टरजी, दाल बैठ गई क्या? आँख का ऑपरेशन था. बेटे ने रेडियो छूने नहीं दिया."

आवाज स्वच्छ येत होता, तरी सर बराच वेळ बटण फिरवत राहिले. मग म्हणाले, "बैठ गई."

दुपारी जेवताना त्यांनी काकूंच्या हातून पळी मागून घेतली, वरण तळापासून ढवळलं आणि आधी काकूंना वाढलं.