अरूसेवर बसलेले पाहुणे

पाहुण्याला ‘ऊठ’ म्हणणं हा माणसाच्या हातून घडणारा सर्वांत हीन अपराध होय. खून त्याच्या खालोखाल येतो, आणि खुनाला निदान काहीतरी कारण असतं. नाइलकाठच्या किना जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुणा आला, तुमच्या आजोबांच्या जागेवर बसला, अंगणात वाळत घातलेल्या भेंडीवर बसला, तरी यजमानाने चहा आणावा आणि ‘नीट बसलात ना?’ एवढंच विचारावं. शाझली साब्राल्लाच्या सख्ख्या मामाच्या चष्म्यावर एकदा पाहुणा बसला. मामाने चहा दिला, जेवू घातलं आणि पाहुणा आपणहून उठेपर्यंत समोरचं काही दिसत नसतानाही हसतमुखाने गप्पा मारल्या. त्या मामाचं नाव त्या भागात अजून आदराने घेतात.

असल्या घरातला माणूस पुढे स्कूबा गाईड व्हावा, हा योग म्हणायचा. किना जिल्ह्यात ऊस आणि भाऊबंदकी सोडून फारसं काही पिकत नाही. त्यामुळे तिथली तरणी माणसं वाळवंट ओलांडून लाल समुद्रावर, आमच्या हुरघाड्यात येतात. जन्मात नाइल आणि तिच्या कालव्यांपलीकडे पाणी न पाहिलेला माणूस इथे वर्षभरात जर्मनांना पाण्याखाली श्वास कसा घ्यावा हे शिकवू लागतो. (जर्मन हे शांतपणे ऐकून घेतात. ही त्या राष्ट्राची थोरवी.)

शाझलीच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे शआब अल-अरूसा. शआब म्हणजे समुद्रात पोसलेलं प्रवाळाचं बेट, आणि अरूसा म्हणजे नवरी. ही नवरी त्या बेटाच्या कडेला, उभ्या माणसाच्या डोक्यावर जेमतेम दोन हात पाणी राहील अशा उथळ जागी बसलेली. फिकट जांभळ्या रंगाचा, झालरीवर झालर असलेला ऐसपैस प्रवाळ. वर्षाला बोटभर वाढणार, म्हणजे कोणाच्याही पणजोबांपेक्षा थोरली. तिच्या झालरींत नारिंगी मासे दिवसभर आतबाहेर करत. शाझली रोज सकाळी बोट बांधायला एकटाच खाली उतरे तेव्हा आधी तिच्यासमोर छातीवर हात ठेवून सलाम करी आणि मग दोर बांधी. गावी फोनवर तिच्याबद्दल तो इतकं बोले, की त्याची बायको एकदा बस पकडून खात्री करून घ्यायला आली. बोटीच्या कडेवरून तिने पाण्यात तोंड घालून पाहिलं, “माझ्यापेक्षा जाड आहे,” म्हणाली आणि निश्चिंत मनाने परत गेली.

उथळ प्रवाळाचे फायदे सर्वश्रुत आहेत. ऊन खोलवर पोचतं, रंग उजळ दिसतात, नवशिक्याला बुडायला खोली पुरत नाही. तोटा एकच. माणूस दोन पायांवर उभा राहायला शिकला तेव्हापासून घाबरला की त्याला पायाखाली काहीतरी लागतं, आणि तिथे पायाखाली येण्याजोगं एकच होतं. अरूसेची उंची तर टेकायला अशी बेताची, की सुताराला सांगूनही जमली नसती.

अशा रीतीने अरूसेवर बसून गेलेल्यांत पोलंडचं एक बँकवालं जोडपं होतं, मास्कमधलं पाणी काढायला टेकलेला कैरोचा दंतवैद्य होता, मांडी घालून, डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसलेली एक योगशिक्षिका होती (निसर्गाशी एकरूप होण्यासाठी; झालरीचा एक तुकडा तिच्याशी एकरूप होऊन बोटीवर आला), आणि फोटोवाल्याच्या सांगण्यावरून एकमेकांना मिठी मारून उभी राहिलेली नवपरिणीत दांपत्यं तर अगणित. शाझली हे सगळं हातभर अंतरावर तरंगत पाहत असे. बोटीवर असताना तो सहा भाषांत ‘प्रवाळाला हात लावू नका’ म्हणे. ते सगळ्यांना मिळून सांगितलेलं असल्यामुळे कोणा एकाचा अपमान होत नसे, आणि कोणा एकाला ते लागूही पडत नसे. पण खाली एकदा पाहुणा बसला की संपलं. शाझली अंगठा आणि बोट जुळवून ‘ठीक?’ अशी खूण करी. पाहुणा बसल्या बसल्या ‘ठीक’ अशी खूण करी. शाझली छातीवर हात ठेवून मान लववी.

बोटीचे रईस, म्हणजे तांडेल, होते अवादल्ला. यांचं वय समुद्राला ठाऊक आणि जीभ सगळ्या बंदराला. शाझली वर आला की ते चहाचा पेला पुढे करत आणि विचारत, “काय रे, आज किती वऱ्हाडी बसले नवरीच्या मांडीवर?”

“रईस, पाहुणे आहेत.”

“मग तिलाच सांग की, जरा सरकून बस म्हणावं.”

“थट्टा नका करू. मागच्या बाजूची झालर पांढरी पडायला लागलीय, मरतेय ती.”

“अरे मग बोल ना! तोंडात नळी आहे म्हणून काय झालं, हात आहेत ना? हाकल!”

“तुमच्याकडे हाकलत असतील पाहुण्यांना. आमच्याकडे नाही.”

“हो, तुमच्याकडे फक्त गोळ्या घालतात,” असं म्हणून रईस चहात आणखी साखर टाकत.

विचार करता करता शाझलीला एक युक्ती सुचली. यजमानाला जे बोलता येत नाही, ते पाटीला बोलता येतं. पाटीला मामा नसतो. तो प्रवाळ सौजन्य मंडळाच्या कचेरीत गेला.

सदर मंडळाची कामगिरी नावाजण्यासारखी होती. स्थापनेपासून मंडळाच्या हद्दीत प्रवाळाच्या हानीची एकही घटना नोंदली गेली नव्हती. यामागे शिस्त होती. हानीची तक्रार ज्याने हानी केली त्यानेच, स्वतःच्या सहीनिशी, हानी होत असताना करावी, असा नियम होता. अध्यक्ष होते इंजिनियर नजाती. त्यांची आधीची हयात रस्ते करण्यात गेली होती. प्रवाळ हेही एक प्रकारचं चुन्याचं बांधकामच असल्याने त्यांची नेमणूक सर्वानुमते झाली. त्यांनी शाझलीचं म्हणणं ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि फलक जागीच मंजूर केला. एवढी तत्परता पाहून शाझलीला गहिवरून आलं.

अडचण फलक रोवायची होती. तळाला वाळू, आणि वाळूत फलक टिकत नाही. टणक आधार जवळपास एकच होता.

“साहेब, पण तिच्यातच भोकं पाडायची म्हणजे… बाजूच्या वाळूत सिमेंटचा ठोकळा टाकून—”

“शाझली, हबीबी,” अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, “संरक्षण वाळूचं करायचंय की अरूसेचं?”

शाझलीने छातीवर हात ठेवून मान लववली. (या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. मंडळातही कोणाला सुचलं नाही.) ड्रिल चाललं त्या दिवशी तो बोटीवर बसून राहिला. पाण्यातून आवाज लाकडात येत होता. “दाढ काढताना दुखतंच,” रईस म्हणाले, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून त्यांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

फलक देखणा होता. वरच्या अर्ध्या भागात मंडळाचं पूर्ण नाव आणि बोधचिन्ह, त्याखाली अध्यक्षांचं नाव, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत पाच भाषांमध्ये, प्रवाळ हा सजीव असून त्यास स्पर्श करणे, त्यावर उभे राहणे, टेकणे, बसणे वा रेलणे निषिद्ध आहे, असा मजकूर होता. आता पाण्यात तरंगत बारीक अक्षर वाचणं किती जिकिरीचं, हे ज्याने वाचलंय त्यालाच कळेल. शरीर हलतं, ओळ सुटते. त्यामुळे पाहुणे मजकूर नीट वाचता यावा म्हणून अरूसेवर बसू लागले. पूर्वी माणूस मास्क नीट होईपर्यंत बसे. आता आपली भाषा संपेपर्यंत बसू लागला. जर्मन शेवटपर्यंत वाचत. काही जिज्ञासू इतर चार भाषांशीही ताडून पाहत. मंडळाच्या पाहणीनुसार पर्यटकांतली जागरूकता चौपट वाढली, आणि त्याच काळात अरूसेची पुढची बाजूही पांढरी पडली.

या यशामुळे शआब अल-अरूसाचं नाव ‘आदर्श उथळ प्रवाळ’ या पुरस्कारासाठी पुढे आलं. अंतिम तपासणीला अध्यक्ष जातीने पाण्यात उतरायचे होते. ते स्कूबा त्याच सकाळी शिकले होते, न्याहारी आणि फोटोंच्या मधल्या वेळात.

“आज काय करणार?” शाझलीचं सिलिंडर बांधताना रईसनी हळूच विचारलं.

“डावी बाजू तेवढी जिवंत आहे, रईस. ती गेली तर अरूसाच गेली.”

“मी काय विचारलं?”

“बोलेन.”

“आणि मामाला काय सांगशील?”

शाझलीने तोंडात नळी घातली. कधीकधी स्कूबाची ही सोय होते.

खाली पोचताच अध्यक्षांनी एकवार चौफेर पाहिलं आणि ते अरूसेच्या डाव्या बाजूवर आधी दोन्ही गुडघे टेकून व मग प्रशस्तपणे बसले. फोटोवाल्याने फोटो घेतला. मग फलक पक्का आहे की नाही हे तपासायला त्यांनी तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. करकर आवाज झाला. पाण्यात आवाज सगळीकडून येतो, त्यामुळे तो कुठून आला हे फक्त शाझलीला कळलं. झालरीतून नारिंगी मासे बाहेर पडले आणि परत आत जाईनात. शाझलीने खूण केली, ‘ठीक?’ अध्यक्षांनी खूण केली, ‘ठीक.’

आणि मग साब्राल्लांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं ते शाझलीने केलं. पाहुण्याच्या पाठीवरचं सिलिंडर मानेपाशी धरलं, तोंडात नळी असतानाच घसा फाटेस्तोवर “ऊठ!” म्हणून ओरडला, आणि त्याला उचललं. शब्द बुडबुडे होऊन वर गेला.

अध्यक्षांना आजवर बसल्या जागेवरून कोणी उठवलं नव्हतं. जी खुर्ची मिळाली ती त्यांनी सोडली नव्हती; हे जुने संस्कार अंगी मुरलेले. त्यांनी फलकाला मिठी मारली. फलक मंडळाच्या नियमाप्रमाणे पक्का बसवलेला असल्याने तो अरूसेपासून सुटला नाही. अरूसाच अरूसेपासून सुटली. शाझली, अध्यक्ष, फलक आणि अर्धी नवरी, अशी वरात वर आली.

“मला उठवलंस?” बोटीवर दम खात अध्यक्ष म्हणाले. “मला?”

“साहेब, ती मोडत होती.”

“मी बसलो होतो!”

“म्हणूनच तर, साहेब—”

“साहेब, चहा घ्या,” रईस मध्ये पडले. “आणि बसा. इथे बसा. हे लाकूड आहे, आधीच मेलंय.”

शाझलीने मास्क काढला नाही. बराच वेळ तो तसाच मास्क लावून बोटीच्या टोकाला बसला होता, आणि मास्क आतून भरत चालला होता.

चौकशी रीतसर झाली. प्रवाळ मोडला तेव्हा आपण सिलिंडर ओढलं होतं का, असं विचारल्यावर शाझलीने हो म्हटलं आणि सही केली; हानी होत असतानाच सही करायची अट मंडळाने एवढ्यापुरती शिथिल केली. सदर हद्दीत प्रवाळाच्या हानीची आजवर नोंदलेली ती एकमेव घटना, आणि शाझली साब्राल्ला हा एकमेव गुन्हेगार. त्याचा परवाना गेला. गुन्हेगार सापडून दूर झाल्याने पुरस्काराचा मार्ग मोकळा झाला व तो यथाकाल मिळाला. अरूसेचा तुटलेला भाग अध्यक्षांच्या टेबलावर आहे. गावापर्यंत बातमी पोचली, पण तिथे प्रवाळाचं कोणाला फारसं पडलं नव्हतं. पाहुण्याला उठवलं, एवढंच पोचलं. मामाने फोन घेणं सोडलं. शाझली आता त्याच बोटीवर चहा देतो. पाण्यात उतरत नाही. सकाळी बोट बांधायला दुसरं कोणी जातं, तेव्हा तो पाठ करून उभा राहतो.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं, वाईट वाटून घेणाऱ्या सज्जनांची आमच्याकडे मोठी गर्दी असते. उरलेली अर्धी अरूसा संपण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहावी, मुलांना दाखवावी, असं त्यांना फार आतून वाटतं, आणि बाकीच्यांनी इथे येणं थांबवलं पाहिजे याबद्दल त्यांचं एकमत असतं. त्यांच्यासाठी शुक्रवारची वेगळी बोट ठेवली आहे. वर चहा मिळेल, खाली तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. फक्त पायाचं माप आधी कळवा. मोठ्या मापाचे फिन लवकर संपतात.