तिसरा हंगाम धरायचा की नाही

"तुमचा गोलरक्षक एक जुलैला मोकळा होतोय," डेस्मंड पाइक फोनवर म्हणाला. "म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं."

लॉर्न हॅलचकच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. थंडर बे शहराच्या लून्स नावाच्या आइस हॉकी संघाचा तो व्यवस्थापक होता आणि रेमी गोडेट हा त्या संघाचा गोलरक्षक. खरं सांगायचं तर रेमी हाच संघ होता, बाकीचे त्याच्या पुढ्यात बर्फावर घसरत असत. लून्सने जिंकलेले सामने रेमीने जिंकलेले होते आणि हरलेले बाकीच्यांनी मिळून हरलेले होते. मालकाने लॉर्नला बजावून ठेवलं होतं, की रेमी गेलाच तर दार लावू नका, तुम्हालाही त्याच दाराने जायचंय. पाइक हा रेमीचा एजंट. त्याचा आवाज नेहमीच गोड असे, पण आज जरा जास्तच गोड होता.

"मोकळा कसा होईल?" लॉर्न म्हणाला. "संघात चार हंगाम पुरे झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही, दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नाही. रेमीचे तीनच झालेत."

"चार."

"अरे, तिसऱ्या हंगामात तो डिसेंबरपासून पाय वर करून घरी बसला होता. निम्मेसुद्धा सामने खेळला नाही. तसला हंगाम मोजणीत धरत नाहीत."

"कलम पुढे वाच ना. खेळाच्या किंवा संघाच्या कामात दुखापत झाली असेल, तर धरतात."

"कसलं संघाचं काम? माझ्या सासूबाईंच्या अंगणात घसरून पडला तो."

"बर्फ उपसताना," पाइक म्हणाला. "आणि फावडं घेऊन त्याला तिथे कुणी उभं केलं होतं, लॉर्न? संघाच्या व्यवस्थापकानेच ना?"

लॉर्नने हळूच मान वळवली. त्याची बायको कारिना शेगडीपाशी अंडी उलटत होती. "मग बोलू," असं पुटपुटून त्याने फोन ठेवला.

"कोण होतं?" कारिनाने विचारलं.

"कामाचं."

काम असं होतं. कारिनाचे वडील वारल्यापासून तिची आई, इर्या सारेला, घरात एकटीच राहत होती. सोबत म्हणून वरच्या खोलीत रेमीला ठेवलं होतं. त्या लीगमधले बरेच खेळाडू असे गावातल्या कुणाच्या तरी घरी राहत. आणि दर रविवारी आईच्या अंगणातला बर्फ जावयाने उपसायचा, असा कारिनाने नियम घातला होता. लॉर्नने पहिले दोन रविवार तो पाळला. तिसऱ्या रविवारी मित्राने गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बोलावलं. तळ्यावर लाकडी खोपट होतं, खोपटात स्टोव्ह होता, बर्फाला पाडलेल्या भोकात सोडलेला गळ होता, आणि मुख्य म्हणजे कुणी काही बोलत नव्हतं. लॉर्नने रेमीला सहज म्हटलं, "तू तिथेच राहतोस, तर जरा हात फिरव ना अंगणावरून. आणि कुणाला बोलू नको." रेमी गुणी पोरगा. फिरवला त्याने हात.

पुढे तीच रीत पडली, आणि इर्याबाईंनीही लेकीला काही कळू दिलं नाही; रेमी पडला तेव्हाही तो अंगणातून चालताना घसरला, एवढंच तिला सांगण्यात आलं. लॉर्न तळ्यावर जाई आणि संध्याकाळी कमरेत वाकून घरी येई. कारिना त्याला पालथं झोपवून पाठीला मलम चोळी, आणि लॉर्न कण्हत असे. तो इतक्या मनापासून कण्हे, की हळूहळू त्याची पाठ खरोखरच दुखायला लागली होती.

संघाची वकील फिलिस डनमोर हिने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "व्यवस्थापक म्हणून पाठवलं असेल, तर ते संघाचं काम झालं. हंगाम धरला जाईल, मुलगा मोकळा. जावई म्हणून पाठवलं असेल, तर ते घरगुती काम. हंगाम बाद, मुलगा आपला. तुम्ही काय म्हणून पाठवलंत?"

"जावई म्हणूनच हो."

"मग हा वाद लवादापुढे जाईल तेव्हा तसं सांगा. पण निवृत्त न्यायमूर्ती बोवी आहेत समोर, नुसत्या शब्दावर जायचे नाहीत ते. विचारतील, जावई स्वतः कुठे होता."

"ते सांगायलाच हवं?"

"शपथेवर."

"पण माझी बायको..."

"ती या वादात पक्षकार नाही."

लॉर्न तिच्याकडे पाहत राहिला. "तुमचं लग्न झालंय का?"

"नाही."

"वाटलंच," लॉर्न म्हणाला.

त्यातल्या त्यात एक आशा होती. सुनावणीला कारिनाचं काहीच काम नव्हतं. पण इर्याबाईंना साक्षीला बोलावलं आणि त्या गाडी चालवत नव्हत्या.

"मी आणतो ना आईंना," लॉर्नने घाईघाईने सांगून पाहिलं.

"तूच बाजू मांडणार आणि साक्षीदारही तूच गाडीत घालून आणणार?" कारिना म्हणाली. "बरं दिसेल का ते? मी रजा टाकते."

 कायद्यातलं तिला फिलिसपेक्षा बरं कळतं, असा लॉर्नला कधीकधी संशय येई.

सुनावणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न झालेलं होतं आणि छताला लागलेले गुलाबी फुगे कुणी काढले नव्हते. न्यायमूर्ती बोवी त्या फुग्यांखाली कोऱ्या चेहऱ्याने बसले. रेमी पाइकच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मोकळं होऊ घातलेल्या माणसाच्या मानाने तो फारच दुःखी दिसत होता. मागच्या रांगेत कारिना, आणि तिच्या शेजारी चर्चला जायचा कोट घातलेल्या इर्याबाई.

"रेमीला बर्फ उपसायला तुम्ही सांगितलं होतं?" फिलिसने विचारलं.

"हो. पण घरगुती संबंधातून. संघाचा काही संबंध नाही."

"हे काम मुळात कुणाचं होतं?"

"माझं," लॉर्न म्हणाला. "जावई म्हणून."

"मग आपण स्वतः कुठे होतात?" बोवींनी विचारलं.

लॉर्नने पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी त्याने तो तोंडाला लावला. "तळ्यावर."

"तळ्यावर काय करत होतात?"

"मासे धरत होतो."

मागच्या रांगेतून पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. 

"त्या एकाच रविवारी ना?" आता पाइक उठला. माशाच्या वासावर तो मांजरासारखा आला होता.

"त्या रविवारी... तर होतोच."

"आणि इतर रविवारी?"

"इतरही," लॉर्न म्हणाला. "सगळा हिवाळा. म्हणजे, सगळेच हिवाळे."

फिलिसने समाधानाने कागदावर रेघ ओढली. घरगुती काम याहून घरगुती असूच शकत नव्हतं. खटला जिंकल्यात जमा होता. लॉर्न जागेवर येऊन बसला तेव्हा त्याला आपली मान मागे वळत नाही असं आढळलं.

इर्याबाईंची साक्ष केवळ उपचार म्हणून राहिली होती. त्यांनी शपथ घेतली आणि कोटाची बटणं नीट केली.

"त्या दिवशी रेमी बर्फ उपसताना घसरून पडला," फिलिस म्हणाली. "बरोबर?"

इर्याबाईंनी रेमीकडे पाहिलं. रेमीने फुग्यांकडे पाहिलं.

"नाही," इर्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे? दवाखान्यात तुम्हीच तर तसं सांगितलं होतंत."

"तिथे शपथ कुठे होती?"

"आजी, राहू द्या ना," रेमी कळवळून म्हणाला.

"साक्षीदाराला बोलू द्या," बोवी म्हणाले.

"बर्फ उपसून झाला होता," इर्याबाई सांगू लागल्या. "अंगण कसं स्वच्छ दिसत होतं. हा फार मन लावून काम करतो हो, जावईबापूंसारखं नाही. मी म्हटलं, पोरा, जरा गॅरेजच्या दारात उभा राहा. ह्यांची हॉकीची स्टिक होती भिंतीला, ती घेतली. टेनिसचा एक चेंडू होता."

"तुम्ही हॉकी खेळता?" बोवींनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"लग्नाआधी खेळायचे. कागद गिरणीतल्या पोरींचा संघ होता आमचा. आता सत्तरी उलटल्यापासून जरा कमी झालंय."

"मग पुढे?"

"पहिले दोन मी सावकाशच मारले. त्याने ते पायाने अडवले आणि हसला."

"हसला."

"हो. म्हणून तिसरा वर मारला. डाव्या खांद्यावरून. हा त्याच्यासाठी सगळा ताणला गेला, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि खाली बसला. मला आपलं वाटलं, चेंडू शोधतोय."

"चेंडू कुठे गेला होता?"

"आत," इर्याबाई म्हणाल्या.

"न्यायमूर्ती महाराज, हा प्रश्न कलमाला धरून नाही," फिलिस म्हणाली.

"माहीत आहे मला," बोवी म्हणाले.

पाइक केव्हाच उभा राहिला होता. हंगाम चालू असताना व्यावसायिक गोलरक्षक गोल अडवत होता, हा सराव नव्हे तर काय? सराव म्हणजे खेळाचंच काम. चेंडू मारणारा कोण असावा, याबद्दल करारात अवाक्षर नाही. एवढं बोलून तो खाली बसला आणि रेमीच्या कानाशी लागला. "गाढवा, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू असतास तर सांगितलं असतंस?" रेमी म्हणाला.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच लागला. तिसरा हंगाम धरायचा. रेमी गोडेट एक जुलैपासून मुक्त.

कारिना आईला घेऊन परस्पर निघून गेली. लॉर्न टॅक्सीने घरी आला. ती बैठकीच्या खोलीत बसली होती आणि घर फार नीटनेटकं दिसत होतं, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"मासे कुठे जायचे?" तिने विचारलं.

"वाटून टाकायचो. घरी कसे आणणार?"

"म्हणजे लोकांना मासे मिळाले, आईला रेमी मिळाला, आणि मला तुझी पाठ."

लॉर्नने क्षमा मागितली. ती तिने ऐकून घेतली. पण ऐकून घेणं वेगळं आणि देणं वेगळं, हे त्याला पुढचे काही दिवस स्वतःच्या हातचं जेवताना नीट समजलं.

एक जुलै उजाडला. पाइकने सकाळपासून दोन फोन समोर मांडून ठेवले होते. एवढा चांगला गोलरक्षक, तोही मोकळा. संघांची रांग लागायला हवी होती. दुपार झाली तरी एकही फोन वाजेना. शेवटी त्याने आपणहून एका व्यवस्थापकाला फोन लावला.

"रेमी ना, चांगला आहे पोरगा," तो म्हणाला आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. "निकाल वाचला आम्ही."

पाइकने फोन ठेवला आणि निकालाची प्रत उघडली. लवादाचा निकाल लीगमधल्या प्रत्येक संघाला पाठवायचा, असं करारातच लिहिलेलं होतं. आणि बोवी हे काटेकोर गृहस्थ. त्यांनी सविस्तर नोंदवलं होतं, की सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी मारलेला चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात खेळाडू जायबंदी झाला, आणि चेंडू डाव्या खांद्यावरून गोलात गेला. हा निकाल त्या आठवड्यात लीगमध्ये जितका वाचला गेला, तितकं दुसरं काहीही कुणी वाचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत एकच फोन आला. पश्चिमेकडच्या एका संघाला विचारायचं होतं, की त्या बाई सध्या कुठल्या संघाशी बांधलेल्या आहेत का.

दुसऱ्या दिवशी इर्याबाईंचा लॉर्नला फोन आला. "जावईबापू, पोरगं काल दुपारपासून खोलीतून खाली आलेलं नाही. धिरडी केली तरी आलं नाही. मी खरं बोलले म्हणून हे झालं. तुम्ही या आणि काय ते निस्तरा."

लॉर्न गेला. इर्याबाईंच्या स्वयंपाकघरात पाइक आधीच येऊन बसला होता, आणि त्याचा गोड आवाज आज पार बसला होता. रेमीला समजावून खाली आणलेलं होतं. कोपऱ्यात कारिना बटाटे सोलत होती.

"मे महिन्यात नव्या करारासाठी तू जे पैसे देऊ केले होतेस," पाइक टेबलावरच्या मेणकापडाकडे पाहत म्हणाला, "त्यात काही थोडंफार..."

लॉर्नच्या मनात एक विचार येऊन गेला. त्याच्या जागी कुणाच्याही आला असता. रेमी आता अर्ध्यातही मिळाला असता आणि मालकाने पाठ थोपटली असती. तेवढ्यात बटाटा सोलण्याचा आवाज थांबला. लॉर्नने वर पाहिलं नाही, पण कारिना आपल्याकडे बघतेय हे त्याला कळलं.

"मेमध्ये म्हटलं होतं तेवढंच," तो म्हणाला. "एक पैसा कमी नाही."

बटाटा पुन्हा सोलला जाऊ लागला. गेल्या कित्येक दिवसांत लॉर्नच्या कानाला इतकं बरं काही लागलं नव्हतं.

त्याने तिथेच बसून करार भरला. रेमीच्या हातात पेन दिलं. रेमी वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. खेळाडूने मिसेस सारेला यांच्याबरोबर अंगणात कोणताही खेळ खेळू नये, अशी ओळ लॉर्नने स्वतःच्या अक्षरात खाली घातली होती.

"ही काढा," रेमी म्हणाला.

"अरे, तुझ्या पायाच्या भल्यासाठीच आहे ती."

"काढा."

पाइकने टेबलाखालून त्याला लाथ मारली. "सही कर ना बाबा. तुला विचारणारं दुसरं कुणी नाहीये."

रेमी खिडकीबाहेर गॅरेजच्या दाराकडे बघत होता. "मला अजून तो अडवता आलेला नाही," तो म्हणाला.

 लॉर्नने पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली. इर्याबाई तोवर चपला बदलायला उठल्या होत्या.