रोडग्यांत अंगठी दडविल्याची मोहीम

श्रीमारोतीरायांस दंडवत घालोन, नेर परगण्यांतील तमाम सोयरे-धायरे, आप्त-इष्ट आणि त्या दिवशीं पंगतीस जेवून उठलेले सकल लहानथोर यांसी सेवकाचा रामराम. विशेष लिहिणें ऐसें जे, नंदाआत्या साहेब यांनी सेवकास हुकूम फर्माविला कीं, ढाणकीकर अंकुरराव यांनी आमचे भाचीस मागणी घातली ती हकीकत गांवांत जो तो आपल्या सोयीनें सांगतो, कोणी म्हणतो अंगठी गाईनें गिळली, कोणी म्हणतो पोरगा धाय मोकलून रडला, आणि या साऱ्यांत माझें नांव नाहक बद होतें, तरी तूं पहिले पंक्तीस बसला होतास, तूं जें खरें तें लिहून काढ. सेवक कोणाची भीड धरणारा नव्हे. नंदाआत्यांची तेवढी धरितो.

नेर कसब्यापासून कोसभर किसनराव म्हणून मातबर शेतकरी. कापूस, सोयाबीन आणि तूर ऐसा तीन पिकांचा मुलूख राखोन होते. बोलणें थोडें, परंतु एकदां शब्द दिला कीं तो पाटाचें पाणी, माघारां फिरणें नाहीं. त्यांचें कुटुंब इंदूबाई साहेब, आणि कन्या एकच, खुशीबाई. या खुशीबाई औषधशास्त्र पढोन नेर येथें बसस्थानकासमोर औषधांचे दुकानीं ठाणें करून होत्या. त्यांची जरब ऐसी कीं, डॉक्टरांचे चिठ्ठीविना झोपेची गोळी मागावयास आलेला इसम मुकाट्यानें खोकल्याचें औषध घेऊन परत जाई.

अंकुरराव हे ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीचे नेर प्रांतींचे सुभेदार. दुचाकीवर स्वार होऊन बांधोबांध फिरावें, आणि ज्याचे विहिरींत बेडूकही तहानेनें मेला त्यासही नळ्या विकून यावें, ऐसी त्यांची जिव्हा. परंतु तीच जिव्हा खुशीबाईंचे गल्ल्यासमोर येतांच टाळूस चिकटे. प्रथम पित्ताची गोळी घ्यावयास गेले, मग पित्त बरें जाहलें तरी गोळी सुटेना. उभयतांचा स्नेह जडला, फोनवर तासतास बोलणें होऊं लागलें, तुरीचे भावापासून मैत्रिणींचे संसारापर्यंत सर्व मसलती जाहल्या, आणि लग्नाचा शब्द मात्र कोणीं काढिला नाहीं.

ऐसियांत खुशीबाईंचे एका मैत्रिणीस तिचे होणारे यजमानांनीं अवचित गुडघा टेकून मागणी घातली, आणि त्याची चित्रफीत खुशीबाईंनीं मोबाइलावर पाहिली, एकदां पाहिली, मग पुन्हा पाहिली. मग अंकुररावांस इतकेंच कळविलें कीं, आम्हांसही कोणीं न सांगतां सवरतां विचारिलें तर आमचा नकार असेलच ऐसें नाहीं. अंकुररावांनीं हें ऐकोन हर्ष मानिला आणि दुसरे दिवशीं पुन्हा पित्ताची गोळी घेतली.

इतक्यांत दारव्ह्याहून स्थळ आलें. मुलगा सरकारी नोकरींत, पक्का, निवृत्तीपर्यंतची ददात मिटलेली. माघ मासींच्या रविवारीं पाहावयास येणार ठरलें. सरकारी नोकरी म्हणजे आमचे मुलखांत तोफखाना. त्यापुढें नळ्यांची काय कथा? किसनरावांनीं रविवारीं पोहे खाऊन शब्द दिला कीं मग ब्रह्मदेवाचा बापही तो फिरवूं शकणार नव्हता. तेव्हां खुशीबाईंनीं दुकानाचे पायरीवर अंकुररावांस गांठून निर्वाणीचें फर्मान दिलें. तें सेवक जसेंच्या तसें लिहितो.

"लय झाली तुही पित्ताची गोयी. इचारायचं असंन तं इचार. रविवारी मी पोह्याची प्लेट घेऊन बाहेर आली, का मंग माह्या नावानं फोन करू नको."

अंकुररावांचे पायाखालची जमीन सरली. त्याच सायंकाळीं टपरीवर खलबत बसलें. मसलतीस दोघे मातबर. एक पियुष, कंपनींतले सहकारी, डोकें चालविण्याची हौस फार. दुसरे सोनूराव, खुशीबाईंचे सख्खे चुलतभाऊ, म्हणजे किल्ल्यांतील मनुष्य फितूर जाहला होता. पियुष यांनीं तजवीज सांगितली कीं, चौकांत फलक लावावा, पुढाऱ्यांचे वाढदिवसाचा लावितात तैसा, त्यांत उभयतांचा फोटो. सोनूराव म्हणाले, तो फलक सर्वांआधीं किसनकाका वाचतील. मग पियुष यांनीं फवारणीचा ड्रोन सुचविला, तो आकाशमार्गें अंगठी आणोन खुशीबाईंचे हातीं देईल. परंतु गेले हंगामीं तोच ड्रोन शेजारियाचे गोठ्यांत शिरोन म्हशी उधळल्या होत्या, सबब तोही मनसुबा मोडला.

मग सोनूरावांनीं चहाचा पेला खालीं ठेविला आणि मोहिमेचा खरा नकाशा मांडिला. रविवारचे आदले दिवशीं, शनिवारीं, किसनरावांचे शेतांतील मारोतीपुढें सालाबादप्रमाणें रोडग्यांची पंगत. सारा गांव जेवणार. रोडगे भाजण्याचें काम पुरुषमंडळींचें, आणि तें ठाणें सोनूरावांकडे. तरी अंगठी कणकेच्या गोळ्यांत घालावी, त्यावर दुसरा पदर, मग तिसरा पदर चढवावा, आणि गोवऱ्यांचे निखाऱ्यांत भाजावी. सोनें विस्तवास भीत नाहीं. ओळख पटावी म्हणोन वरून तुरीचा एक दाणा दाबावा. अंकुररावांनीं वाढपी होऊन तो दाण्याचा रोडगा खुशीबाईंचे पानांत टाकावा. त्यांनीं फोडावा, अंगठी देखावी, आणि समजावें. अंकुररावांस हा मनसुबा फार मानवला. कारण त्यांत बोलण्याचें काम कोठेंच नव्हतें.

शनिवार उजाडला. कोवळें ऊन, बांधावर बोरी, आणि मारोतीचे ओट्यामागें गोवऱ्यांची रास. एकीकडे वांग्यांची भाजी शिजत होती, तिचा वास सेवकास अजून आठवतो. सोनूरावांनीं कणिक मळिली, अंगठीचा गोळा सिद्ध केला, त्यावर दाणा दाबिला, आणि तो परातीचे एका अंगास जपून ठेविला. मग आणखी गोवऱ्या आणावयास गेले. अंकुरराव पाणी भरीत होते, आणि दर खेपेस परातीकडे पाहून घेत होते.

आणि येथेंच दैवानें कूस बदलली. नंदाआत्या साहेब, किसनरावांच्या थोरल्या भगिनी, पंगतीचें सेनापतिपद वर्षानुवर्षें त्यांचेकडे. त्या पाहणी करीत परातीपाशीं आल्या, आणि त्यांनीं एकाच रोडग्यावर दाणा देखिला. आत्यांनीं विचार केला कीं, ढाणकीकडील पोरगा आला आहे, त्यांचेकडील रीत असावी. रीत चांगली, शोभिवंतही. परंतु एका रोडग्यास दाणा आणि दुसऱ्यास नाहीं, हा पंक्तिप्रपंच! देवाचे दारीं एकास उणें आणि एकास अधिक, हें पाप त्यांचे हयातींत जाहलें नव्हतें आणि त्या होऊं देणार नव्हत्या. त्यांनीं पदराची ओटी भरून तूर आणिली, दोघी भावजया हाताशीं घेतल्या, आणि अंकुरराव विहिरीवर गेले होते तेवढ्यांत तमाम रोडग्यांस दाणे लाविले.

सोनूराव परत येऊन पाहतात तों सारी परात दाण्यांनीं भरली, आणि अर्धे रोडगे आत्यांचे हुकुमानें मंडळींनीं निखाऱ्यांत लोटलेले. चेहरा राखेसारखा जाहला. अंकुररावांस खूण केली, ते आले, पाहिलें, आणि बांधावर मटकन बसले. रोडगे फोडून पाहावे तर तेंही चालेना. नैवेद्य होण्याआधीं रोडगा फोडणें म्हणजे देवाचें अन्न उष्टें करणें, आणि आत्यासाहेब हातीं लाकडी पळी घेऊन पहाऱ्यास उभ्या. मग नैवेद्य जाहला, नैवेद्याचा रोडगा गाईस गेला, आणि अंकुररावांनीं गाईकडे ऐसें पाहिलें कीं ती खातां खातां थबकली. गाईचे पोटीं अंगठी गेल्याची आवई उठली ती येथून. गाय निर्दोष आहे.

पंगती बसल्या. एके रांगेस पुरुष, समोर बायका, त्यांचे मध्यें खुशीबाई, आणि घरधनी किसनराव पाहुण्यांचे आग्रहास्तव पहिले पंक्तींत. रोडगे वाढले गेले. अंकुरराव तुपाचें भांडें घेऊन फिरत होते, कोणाचे दाताखालीं अंगठी जाऊन अनर्थ होऊं नये म्हणोन प्रत्येकाचे कानाशीं वांकोन सांगूं लागले कीं, जरा हळू खा, पाहून खा. हीच घोडचूक. भुरीबाई म्हणोन गांवांतील सर्वांत वयोवृद्ध बाई, तोंडांत दात नाहीं, त्यांनीं खड्या आवाजांत पुसिलें, "काहून रे? काय हाये रोडग्यात?"

अंकुरराव तुपाचें भांडें घेऊन पुढील पानाकडे वळले. मग रोडग्यांत खडा आहे ऐसी खबर निघाली, ती पंक्तीचे मध्यावर पोहोंचेतों काच जाहली, आणि शेवटास खिळा होऊन बसली. हात थांबले. कोणी पान पुढें सारिलें, कोणी पागोटें सावरून उठावयाची तयारी केली. भरल्या पानावरून पाहुणा उठणें ही घरधन्याचे अब्रूवर कुऱ्हाड. इंदूबाई साहेब पदर तोंडास लावून म्हणाल्या, "माह्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलं नाही वं माय." नंदाआत्या सोनूरावांवर, सोनूराव पियुषवर, आणि पियुष आभाळाकडे पाहूं लागले. साऱ्यांनीं किसनरावांकडे पाहिलें. किसनराव एक शब्द बोलेनात. ओठ मिटलेले, हात गालावर, डोळे लाल. लोक समजले, राग गळ्याशीं आला.

तेव्हां अंकुररावांनीं पाहिलें कीं इंदूबाई रडताहेत, खुशीबाईंची मान खालीं गेली आहे, आणि हें सर्व आपल्या न बोलण्यानें जाहलें. त्यांनीं तुपाचें भांडें खालीं ठेविलें, आणि दोन्हीं पंक्तींचे मध्यें येऊन उभे राहिले. 

"उठू नका कोणी. खडा नाही, काच नाही, अंगठी हाये. म्या टाकली. खुशीले लग्नाचं इचारायचं होतं, तोंडानं जमलं नाही म्हणून रोडग्यात टाकली. काकूच्या अन्नात खोट नाही, खोट माह्यात हाये." मग एक श्वास घेतला आणि खुशीबाईंकडे वळले. "खुशी, माही नोकरी सरकारी नाही. गाव दूर हाये. बोलता मले फक्त नळ्याचंच येते. पण मले तुह्याच संगं राह्याचं हाये. करशीन का माह्यासंगं लग्न?"

गुडघा टेकण्याचें राहून गेलें. कोणाचे ध्यानींही आलें नाहीं. तोंच तमाम पंगत एकदिलानें रोडग्यांवर तुटून पडली. ज्यांनीं पानें सारिलीं होतीं त्यांनीं तीं ओढून घेतलीं, चुरा केला, भाजींत बोटें घालून चाचपिलें. भुरीबाईंनीं शेजारणीचाही रोडगा फोडिला. अंगठी कोठेंच नाहीं.

मग किसनरावांनीं हात वर केला. मान फिरविली, गालांत बोट घातलें, आणि तळहातावर अंगठी काढिली. तिजबरोबर दाढेचा एक तुकडाही आला. हकीकत ऐसी कीं, पहिलेच घासास दाढेखालीं कांहीं कचकन लागलें, आणि किसनराव खडा समजले. परंतु घरधन्यानेंच पंगतींत खडा निघाला म्हणोन थुंकावा तर अन्नाची आणि रांधणाऱ्याची अब्रू काय राहिली? म्हणोन त्यांनीं तो गालांत दाबून धरिला होता, दाढ मोडली तरी ब्र काढिला नव्हता.

त्यांनीं लोट्यांतील पाण्यानें अंगठी धुतली, अंकुररावांकडे एकवार पाहिलें, आणि म्हणाले, "पंगतीची इज्जत वाचवली तू, म्हणून ऐकून घेतो. पण हे मले नाही इचारलं तू." मग अंगठी खुशीबाईंचे हातीं ठेविली. "तुले इचारलं त्यानं. तूच सांग."

खुशीबाईंनीं बापाचे गालाकडे पाहिलें, मग अंकुररावांकडे पाहिलें, आणि अंगठी आपल्या हातानें बोटांत घातली. "हाव," म्हणाल्या. मग सगळे पाहताहेत हें ध्यानीं येऊन आवाज चढविला, "आता वाढ ना मंग. लोकं कवाचे बसून राह्यले."

पंगत पुन्हा बसली. किसनरावांनीं तेथेंच दारव्ह्यास फोन लाविला, आणि मोडक्या दाढेनें, बोबड्या बोलांत, परंतु अदबीनें कळविलें कीं, उद्यां येण्याची तसदी घेऊं नये, पोरगीनें आपलें ठरविलें. मग ते पानावरून उठोन तुरीचे बांधावर जाऊन पाठमोरे उभे राहिले. इंदूबाई मागोमाग गेल्या तर म्हणाले, दाढ ठणकते. दाढ ठणकत होतीच, त्यांत खोटें कांहीं नाहीं, परंतु एकुलती पोर आतां ढाणकीस जाणार, इतक्या दूर, हें त्यांस त्याच घटकेस उमगलें होतें आणि डोळे वाहत होते. खुशीबाई पिशवींतून दुखण्याची गोळी आणि पाण्याचा लोटा घेऊन आल्या.  गोळी घेतल्यावर किसनरावांनीं लेकीचे डोईवर हात ठेविला, आणि तो बराच वेळ काढिला नाहीं.

येणेंप्रमाणें माघ मासीं, शनिवारीं, श्रीमारोतीचे साक्षीनें, भर पंगतींत, ढाणकीकर अंकुरराव यांनीं स्वतःचे मुखें मागणी घातली आणि खुशीबाईंनीं स्वतःचे मुखें ती कबूल केली. साखरपुडा, म्हणजे आमचेकडील साक्षगंध, फाल्गुनांत नक्की जाहला. किसनरावांचे दाढेवर टोपी बसली. सेवकानें पाहिलें तें लिहिलें, नंदाआत्यांनीं ऐकिलें आणि मान्य केलें. मोहीम फत्ते जाहली, आणि एकुलती लेक ढाणकीस जाणार या विचारानें किसनरावांचे घरीं त्या रात्रीं कोणास झोप आली नाहीं.