एका पाळीत एकच नेमणूक

उद्या सकाळी स्पर्धा आणि आज संध्याकाळी जोडीदारणीचे डोळे आले. फोनवर ती रडत होती की नुसतंच पाणी गळत होतं, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. पत्त्यांच्या स्पर्धेत सगळेच सगळ्यांची पानं हाताळतात, त्यामुळे स्पर्धा भरवणाऱ्या खेळण्यांच्या दुकानात तिला पायरीवरसुद्धा उभं करणार नव्हते. बिट्टीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातच फतकल मारली.

बिट्टी चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात प्राणी बोलवायची. म्हणजे पत्त्यांवरचे. आग ओकणारे, चिखलातून उठणारे, पंखवाले, शेपटीवाले. हातातल्या पानावरचा प्राणी नियमाप्रमाणे टेबलावर बोलवायचा आणि समोरच्यावर सोडायचा, असा तो खेळ. अडवायला पहाऱ्यावर कुणी नसेल तर समोरच्याचे गुण घटतात, आणि ज्याचे गुण आधी संपले तो हरला. गेली दोन वर्षं जोडीच्या स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती आणि दोन्ही वेळा एकाच जोडीकडून हरली होती. त्या जोडीतला एक झोपतानाही टोपी काढत नसावा आणि दुसरा अक्षर बोलायचा नाही, म्हणून घरात त्यांची नावं टोपी आणि मौनी अशी पडली होती. पुढच्या महिन्यात बिट्टीची बदली दूरच्या शाखेत होणार होती. करंडक घरी आणायची ही शेवटची संधी, आणि तिला जोडीदारच नव्हता.

खेळता येणारी सगळी मंडळी आधीच कुणाची ना कुणाची जोडीदार झालेली होती. उरले घरचे. आईने विळीवरून मान वर न करता सांगून टाकलं, की त्या मुक्या जनावरांचे बळी द्यायला ती येणार नाही. "यांना ने. रविवारी नुसते या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत असतात."

'हे' म्हणजे बिट्टीचे वडील. एका मोठ्या कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. आयुष्यभर त्यांनी नेमणुका, बढत्या आणि बदल्या हाताळल्या होत्या, आणि ऑफिसातला कुणीही माणूस त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय खुर्चीत बसलेला नव्हता. पत्ते मात्र त्यांनी लग्नाच्या आधी कधीतरी पाहिले होते. बिट्टीने कपाळावर हात मारला, पण तोच हात धरून त्यांना जेवणाच्या टेबलाशी आणून बसवलं.

"हे बघा बाबा, एका पाळीत हातातला एकच प्राणी बोलवता येतो. लहान असेल तर थेट येतो. मोठा असेल तर टेबलावरच्या दोन लहानांचा बळी द्यायचा, मग तो येतो."

"म्हणजे दोन कनिष्ठ पदं रद्द करून एक वरिष्ठ पद निर्माण करायचं."

"हो, तसंच म्हणा."

"मग बळी बळी काय म्हणतेस? आमच्याकडे दरवर्षी होतं."

बिट्टी चमकली. काही पानांवर खास अट लिहिलेली असते, आपला एखादा प्राणी मेला की त्याच्या जागी दुसरा आपोआप येतो आणि तो पाळीच्या एका बोलावण्यात मोजत नाहीत, हे तिने भीतभीत सांगितलं. हे समजायला तिच्या मैत्रिणीला एक अख्खा उन्हाळा लागला होता.

"अनुकंपा तत्त्वावर," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान मागितलं.

झोपायच्या आत नियम त्यांना तोंडपाठ झाले होते. डावपेच मात्र शून्य. तेव्हा बिट्टीने त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली. टेबलावर आपले दोन लहान प्राणी जमले रे जमले, की त्यांचा बळी देऊन ज्वालासम्राटाला बोलवायचं. हा आग ओकणारा अजस्र ड्रॅगन म्हणजे तिच्या गठ्ठ्यातलं सर्वांत दांडगं पान. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. हेडक्लार्क म्हणाले, वरून आदेश आहे म्हटल्यावर डोकं चालवण्याचा प्रश्नच येत नाही.

स्पर्धा खेळण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. दुकानदार स्वतःच पंच होता. जोडीची पानं सामाईक, पाळी आलटूनपालटून, आणि खेळ चालू असताना जोडीदाराशी बोलायची बंदी. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून खुर्चीत बसले. पहिल्या पाळीला त्यांनी चिखल्या नावाचा एक लहान प्राणी टेबलावर ठेवला, हात जुळवले, चष्म्यावरून समोरच्या मुलांकडे पाहिलं आणि विचारलं, "आपली काही हरकत?"

आता प्राणी बोलावल्यावर समोरच्याला उत्तर द्यायची संधी असते हे खरं, पण ती कुणी विचारून देत नाही. घाईघाईत खेळ पुढे जातो. हेडक्लार्कांच्या शाखेत मात्र हरकत मागवल्याशिवाय कुठलीही नेमणूक पक्की होत नसे, आणि हरकत मागवली की थांबायचं असतं. ते थांबले. समोरची मुलं एकमेकांकडे बघू लागली. एवढ्या शांतपणे विचारतो म्हणजे म्हाताऱ्याकडे काहीतरी भयंकर आहे, अशी त्यांची खात्री पटली, आणि झाकून ठेवलेलं सापळ्याचं पान त्यांनी बिचाऱ्या चिखल्यावरच वाया घालवलं.

मग हेच होत गेलं. कुणी घाबरून नको तेव्हा सापळा उघडला, कुणी हरकत घ्यावी की न घ्यावी या विचारात घामाघूम झालं. एका मुलाने रडवेल्या आवाजात विचारलं, की काका, हरकत नसली तर काय करायचं. तोंडी सांगितलं तरी चालेल, असा हेडक्लार्कांनी त्याला दिलासा दिला. दुपारी चहापर्यंत बापलेक अंतिम सामन्यात पोचले होते आणि बिट्टीला आपल्या बापाचा इतका अभिमान वाटत होता, की ती त्यांच्यासाठी दोनदा पाणी घेऊन आली.

टोपी आणि मौनी मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी सकाळपासून म्हाताऱ्यावर नजर ठेवली होती. हरकतीच्या प्रत्येक विचारणेला टोपी गोड हसून "अजिबात नाही काका" म्हणे आणि आपलं झाकलेलं पान तसंच ठेवी. दोन्हीकडचे गुण घटत घटत तळाला आले. बिट्टीची पाळी आली तेव्हा टेबलावर बापलेकीचा एक लहान प्राणी होता, काजळ्या. तिच्या हातात चिखल्या होता आणि ज्वालासम्राट.

बिट्टीचं भान सुटलं. तिने चिखल्याला बोलावलं. दोन लहान जमले. त्याच दमात तिने दोघांनाही उचलून बाजूला ठेवलं आणि ज्वालासम्राट टेबलावर आपटला. पाहणारे ओरडले. टोपीचा हात झाकलेल्या पानावर पडला आणि नेमक्या त्याच क्षणी हेडक्लार्कांचा आवाज खोलीभर घुमला.

"माझी हरकत आहे."

टोपीने पान उलटलं होतं. त्याचं नाव पाताळविवर. बळी देऊन आलेल्या कुठल्याही प्राण्याला गिळणारं. पण त्याच्याकडे कुणी बघेना. स्वतःच्याच जोडीदाराच्या चालीवर हरकत घेणारा खेळाडू त्या मजल्यावर आजवर कुणी पाहिला नव्हता. हेडक्लार्क शांतपणे पंचांना म्हणाले, "एका पाळीत एकच बोलावणं. चिखल्याची नेमणूक झाली. बळी दिला तरी सम्राटाचं बोलावणं दुसरंच धरलं पाहिजे. हे नियमबाह्य आहे."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने खेळताय?" बिट्टीचा आवाज चिरकला.

हेडक्लार्क गोंधळले. हा प्रश्न त्यांना कचेरीत कुणी विचारला नव्हता. चुकीची नेमणूक डोळ्यांसमोर होत असताना तोंड शिवून बसणं त्यांना जमलंच नसतं, समोर पोटची पोर असली तरी. त्यांनी मान खाली घातली, पण हरकत काही मागे घेतली नाही.

पंचाने निकाल दिला. दुसरं बोलावणं रद्द. सम्राट परत हातात, दोन्ही लहान परत टेबलावर, पाताळविवर परत झाकायचं. दंड म्हणून बिट्टीची पाळी तिथेच संपली. खेळापुरतं काटेकोरपणे पाहिलं तर सगळं होतं तसं झालं. फक्त आता पाताळविवर कुठे आहे, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

टोपी आणि मौनीने एकमेकांकडे पाहिलं. पोरीने हेडक्लार्कांना काय पढवलंय हे त्यांनी दिवसभर पाहिलं होतं. दोन लहान जमले की म्हातारा न चुकता मोठा बोलावतो. मोठा आला की पाताळविवर त्याला गिळेल आणि टेबल मोकळं होईल. त्या भरवशावर त्यांनी टेबलावरचे आपले दोन्ही पंखवाले प्राणी लहानांच्या डोक्यावरून हल्ल्याला पाठवले आणि बापलेकीचे गुण धाग्यावर आणून ठेवले. हल्ल्याला गेलेला प्राणी पुढची पाळी आडवा पडून राहतो, त्यामुळे त्यांच्याकडे पहाऱ्याला कुणी उरलं नाही.

पाळी हेडक्लार्कांची आली. बोलायची बंदी होती. बिट्टीने ओठ दाताखाली धरले. विचार करू नका असं तिनेच त्यांना दहा वेळा बजावलं होतं, आणि आदेश मोडायची या माणसाला सवय नव्हती. हेडक्लार्कांनी ज्वालासम्राटाचं पान हातात घेतलं. त्याच्या मुकुटावरून अंगठा फिरवला. टोपीची बोटं झाकलेल्या पानाच्या कडेशी गेली. बिट्टीने डोळे मिटून घेतले.

हेडक्लार्कांनी सम्राटाचं पान पुन्हा हातातल्या पानांत सरकवलं. मग चिखल्या आणि काजळ्या या दोघांना एकेका बोटाने पुढे ढकललं.

"हे दोघे हल्ला करतील," ते म्हणाले. "आपली काही हरकत?"

टोपीने झाकलेल्या पानाजवळची बोटं मागे घेतली. त्याच्याकडे एकच हरकत होती आणि ती लहानांना लागू नव्हती. पंचाने गुण मोजले, परत मोजले आणि बिट्टीचा हात वर केला. बिट्टीने डोळे उघडले तेव्हा जिने चढून आलेली दोन अनोळखी पोरं तिच्या बापाला मिठी मारत होती.

मौनी पुढे झाला. स्पर्धेला येऊ लागल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "काका, एक सांगा. दिवसभर दोन जमले की तुम्ही मोठा बोलवायचात. आत्ता का नाही बोलावला?"

हेडक्लार्कांनी पानं जुळवली, गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला आणि लेकीच्या हातात दिला.

"अहो, काम होत आलं होतं," ते म्हणाले. "अशा वेळी साहेबांना बोलावलं की दोन दिवस लांबतं."

बिट्टी इतकी हसली, की करंडक घ्यायला तिला दोनदा पुकारावं लागलं. मग ती बापाचा हात धरूनच पुढे गेली.