वहिनींचा चहा आणि गॅलरीतला पाला

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘नेमाच्या वहिनी’ म्हणत. कुणाचं दुखलंखुपलं की त्या देवासमोर हात जोडून काहीतरी सोडायच्या. कधी गोड सोडलं, कधी दुपारची झोप. (झोप सोडली तेव्हा भाजी निवडतानाच डुलक्या लागायच्या, पण आपण आडव्या झालो नाही, तेव्हा नेम मोडला नाही, असं त्यांचं म्हणणं.) या वेळी मात्र त्यांनी थेट चहाच सोडला.

कारणही तसंच होतं. सासऱ्यांना दमा. पानगळ सुरू झाली की वॉचमन संध्याकाळी आवारातला पाला झाडून पेटवून द्यायचा आणि सगळा धूर पहिला यांच्या गॅलरीत यायचा. संध्याकाळी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसणं, एवढंच सासऱ्यांचं मागणं. समोरच्या खुर्चीत सासूबाई बसायच्या. त्या गेल्या तरी त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. आता दोन्ही खुर्च्या रिकाम्या, दार घट्ट बंद, आणि सासरे आत उशांना टेकून श्वासाशी झगडत. एका संध्याकाळी धाप थांबता थांबेना. थांबली तेव्हा ते म्हणाले, “सूनबाई, मला फक्त तिच्यासमोर थोडा वेळ बसायचं होतं गं.”

वहिनी डोळे पुसून देवापुढे गेल्या. ज्या दिवशी बाबा ऊन उतरल्यापासून दिवे लागेपर्यंत गॅलरीत न खोकता बसतील, त्या दिवशी चहा घेईन. तोवर त्याचा थेंब नाही.

भार देवावर टाकला, तरी हातपाय त्यानेच दिलेत हे वहिनी विसरत नसत. आधी त्या खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे गेल्या. पाला जाळू नका, पार्किंगमागच्या पडीक कोपऱ्यात त्याचं खत होऊ द्या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. सेक्रेटरींनी पांढऱ्याशुभ्र शर्टाची बाही सारखी केली आणि “बघू” म्हणाले. मग वहिनींनी वॉचमनला गाठलं.

“वहिनी, आवार स्वच्छ पाहिजे असा साहेबांचा हुकूम,” तो म्हणाला. “कचऱ्याची गाडी पाला घेत नाही. मग मी काय तो डोक्याखाली घेऊन झोपू?”

“माझ्याकडे आणून दे,” वहिनी म्हणाल्या.

बोलून गेल्या खऱ्या, पण आवारातली झाडं किती मोठी आहेत याचा अंदाज त्यांना पोती वर यायला लागल्यावर आला. पहिलं पोतं गॅलरीच्या कोपऱ्यात बसलं. दुसरं त्याच्या डोक्यावर. मग कठड्याच्या कडेनं एक रांग लागली, आणि एके दिवशी जागा व्हावी म्हणून दोन्ही खुर्च्या आत, कपाटाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या ड्रममध्ये पाला, भाजीची देठं आणि पाणी यांचे थर लावताना वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. धूर थांबला होता. सासऱ्यांचा श्वास खरंच हलका झाला होता.

यजमानांचे मात्र हाल होते. चहावाचून वहिनींचं डोकं ठणके आणि भाजीत मीठ दोनदा पडे. “नवस तुझा आणि प्रायश्चित्त आमच्या जिभेला,” ते पुटपुटत.

सासरे एवढंच म्हणाले, “हवा छान झालीय सूनबाई. आता बसायचं कुठे, तेवढं सांग.”

वहिनींनी गॅलरीकडे पाहिलं. खुर्ची सोडा, तिथे चप्पल ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी त्या देवासमोर नुसत्याच बसून राहिल्या. काय मागावं तेच सुचेना.

उत्तर सकाळी आलं, तेही यजमानांच्या हातून. थंडीत दात घासत ते गॅलरीच्या दारात आले, तर ड्रममधून वाफा निघत होत्या. कुजता पाला आतून तापतो, ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. पण त्यांना विचारतंय कोण? “पेटलं, पेटलं,” असं तोंडातल्या फेसासकट ओरडत यजमानांनी बादलीमागून बादली ओतली. आग नव्हतीच, ती विझणार कुठून? काळपट तांबडं पाणी मात्र कठड्यावरून खाली गेलं आणि सेक्रेटरींच्या दोरीवर वाळणाऱ्या सगळ्या पांढऱ्या शर्टांना सारखा न्याय देऊन गेलं.

सेक्रेटरी वर आले. हातात एक शर्ट होता, त्याकडे पाहवत नव्हतं. वहिनींनी तो पदरानं टिपायला घेतला, तसा त्यावरचा डाग आणखी पसरला. मग त्या हलकेच म्हणाल्या, “भाऊ, चूक आमचीच. शर्ट मी धुऊन देईन. पण पाला वर आणला तो बाबांचा श्वास कोंडत होता म्हणून.”

सेक्रेटरींनी आत पाहिलं. कपाटाशेजारच्या दोन खुर्च्यांपैकी एकीत सासरे बसले होते, समोर भिंत होती. त्यांनी वहिनींच्या हातातला शर्ट परत घेतला. मग म्हणाले, “तो पार्किंगमागचा कोपरा घ्या. आजच घ्या.”

पोती खाली गेली. वॉचमननंच खड्डा खणला. गॅलरी धुऊन वहिनींनी दोन्ही खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, आणि त्या संध्याकाळी सासरे पुन्हा जाऊन बसले. समोरच्या खुर्चीकडे पाहत हळूहळू काहीतरी सांगत राहिले. खोकला नाही. ऊन उतरलं. वहिनींनी विश्वासानं गॅसवर चहासाठी दूध ठेवलं आणि दाराआड उभ्या राहून कौतुकानं बघू लागल्या. बघता बघता डोळे भरून आले. समोरच्या रस्त्यावरचे दिवे आता लागणार, एवढ्यात त्यांना वास आला.

दूध उतू जाऊन आटलं होतं, पातेलं काळं पडलं होतं, आणि बिल्डिंगमध्ये कुठे नव्हता इतका धूर नेमाच्या वहिनींच्या स्वयंपाकघरातून गॅलरीकडे निघाला होता. सासरे खोकले. एकदाच, पण खोकले. मग दिवे लागले.

दारात वॉचमन भरली बादली घेऊन उभा होता. “वहिनी, धूर दिसला म्हणून आलो.”

“उद्या पुन्हा बसतो सूनबाई,” सासरे हसत म्हणाले. “तू फक्त दूध ठेवू नकोस.”

यजमानांनी स्वतः कोरा चहा केला; आपल्याला, वडिलांना आणि वॉचमनला. सुरेख झालाय, असं तिघांनीही सांगितलं. (वहिनींनी जवळ बसून नुसता वास घेतला. वासाबद्दल देवाशी काही ठरलं नव्हतं.)